नऊ सेकंदांचा काशीराम

(रविवार, दुपारचे दोन. रत्नागिरीतल्या एका स्थानिक वृत्तवाहिनीची एडिटिंगची खोली. संगणकासमोर एडिटर वेदिका. समोर काशीराम आणि त्याची बायको यमुनाबाई, देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून आलेले.)

काशीराम : ...पुसतात म्हंजे काय, बाय? पाटी पुसतात तशी?

वेदिका : तशीच, काका. बातमी जेवढी दाखवली तेवढी ठेवतो. बाकी कच्चं चित्रण दर दुसऱ्या रविवारी उडवतो. डिस्कमध्ये जागाच उरत नाही.

काशीराम : आज रविवार.

वेदिका : हो.

काशीराम : कितवा?

वेदिका : ...दुसराच. मी मगाशीच लावलंय पुसायला. थांबा. थांबा जरा, आधी ते बंद करते. काकी, त्या वायरला पाय लावू नका.

यमुनाबाई : मी कुटं हललेय? आल्यापासनं एका फरशीवर उबी हाय.

वेदिका : थांबलं. पंधरा दिवसांआधीचं सगळं जात होतं, तारखेप्रमाणे. आमच्या नितेशने तुमच्याकडे शूटिंग केलं ते कधी?

काशीराम : नितेश म्हंजे तो रेनकोटवाला? मंगळवार व्हता. गणपतीच्या आदल्या आठवड्यातला मंगळवार.

यमुनाबाई : आज एकोणीस दिवस झाले. मना इचार, मी एकेक मोजलाय.

वेदिका : बसा ना दोघं.

काशीराम : बसवत नाय.

वेदिका : हे बघा काका, खरं सांगते. कच्चं चित्रण बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही असा आमच्या दीपकसरांचा नियम आहे. आज ते चिपळूणला गेलेत म्हणून तुम्ही या खोलीत तरी आलात. उद्या त्यांना कळलं तर मला घरी बसावं लागेल. तेव्हा तुम्हाला नक्की काय हवंय ते नीट सांगा.

काशीराम : माजं वाक्य हवंय.

वेदिका : कुठलं?

काशीराम : तू कापलंस ता. मी बोललो व्हतो, देवाचा कौल हुंदे, गाव काय ता ठरवूंदे, मंग आमी जायला तयार हाव. टीव्हीवर काय आलं? आमी जायला तयार हाव. येवडंच. मुंडकं उडवलंस नि धड ठेवलंस.

वेदिका : मी रोज पंधरा-वीस बाईट कापते काका. कुणाची तरी मुलाखत येते, त्यातलं कामाचं ठेवायचं, बाकी काढायचं. एकोणीस दिवसांपूर्वीचं वाक्य माझ्या कसं लक्षात राहणार?

यमुनाबाई : तुज्या ध्यानात नाय. गावाच्या ध्यानात हाय.

वेदिका : पण एका वाक्याने एवढं झालं काय?

काशीराम : आमच्या वाडीच्या मागं डोंगर हाय. त्याला भेग पडली. साहेब लोक आले, म्हणाले, उठा, खाली सपाटीला जागा देतो. गावकीनं ठरवलं, उठायचं का नाय ता देवाला इचारायचं. कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगाला फुलं लावील, उजवं पडलं तर उठायचं, डावं पडलं तर रावायचं. तोवर कुणी एकट्यानं तोंड उघडायचं नाय. नि तवाच तुमचा नितेश क्यामेरा घेऊन आमच्या परड्यात.

यमुनाबाई : नि ह्यांनी धुतलेला सदरा घातलंनी.

काशीराम : सदऱ्याचं काय काडतेस? बाय, दुसऱ्या आठवड्यात तालुक्याहून कागद आला. ग्रामस्थ जायला राजी हायत, असं लिवलेला. वाडीचे पुढारी गावकर म्हणाले, राजी कोण? टीव्हीवर दिसला तो काशीराम राजी. देवाआदी बोलला. देवाला मोडता घातलान.

यमुनाबाई : त्या दिसापासनं आमच्याशी कोण बोलत नाय. आमचं दूध घेत नायत. वडापवाला गाडीत घेत नाय, आज सकाळी फाट्यापर्यंत चालत आलाव, चिखलातनं. गणपतीत आमच्यात अकरा घरांत आरती फिरते, पोरं टाळ घेऊन ह्या घरातनं त्या घरात. ह्या वर्साला धा घरांत फिरली. आमच्या गणपतीपुढं ह्ये आरती म्हणीत नि मी नि सूनबाई टाळ वाजवीत. नातू इचारतोय, आजी, बाकीचे कदी येणार?

वेदिका : अरे देवा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, काकी.

काशीराम : आज सांजचं सहाला देवळात बसायचं हाय. आदी माजा इचार करणार, मंग कौल लावणार. माजी बाजू पटली नाय तर कायमचं वाळीत. मुलगा मुंबईला. घरात सूनबाई नि दोन पोरं. मना रात्री एकच दिसतं बाय. मी आडवा पडलोय नि खांदा द्यायला कोण नाय. घरापुढच्या खळ्यात कोणच नाय.

यमुनाबाई : शुभ बोला.

काशीराम : शुभ काय बोलू? मना भ्या वाटतंय. लपवून काय उपेग?

वेदिका : मंगळवारचं फोल्डर हे. यात नऊ क्लिप होत्या.

काशीराम : व्हत्या?

वेदिका : पाच उरल्यात. चार गेल्या तुम्ही यायच्या आत.

काशीराम : आमची ऱ्हायलीय का?

वेदिका : क्लिपला नाव नसतं, नंबर असतो. एकेक उघडून बघते. ही नाही, हा भाट्याचा किनारा आहे. ही पण भाट्याचीच.

काशीराम : मना घाम सुटलाय. गंमत बग, आत येवडं गार लावलंय नि मना घाम.

यमुनाबाई : पदर घ्या माजा. तोंड पुसा.

वेदिका : ही बैठक आहे कसली तरी. नाही.

काशीराम : नाय सापडलं तर, बाय, तू जोडून दे.

वेदिका : म्हणजे?

काशीराम : नितेश म्हणाला व्हता, आमची वेदिका कायपण कापते नि कायपण जोडते. माजा आवाज हाय तुज्याकडं. देव हा शबूद कुटनं तरी घे, कौल कुटनं तरी घे...

वेदिका : येतं मला. पण तसं करणार नाही. तुम्ही बोलला असाल तरच ते निघेल. बोलला नसाल तर नाही.

काशीराम : बोललोय मी! आईची शप्पत बोललोय. तू माज्यावर...

यमुनाबाई : वरडू नका. पोर घाबरली बगा.

वेदिका : घाबरले नाही काकी. घाबरलेच आहे, खरं म्हणजे. ते वाक्य इथे निघालं, तर ते मीच कापलं असणार ना? दुसरं कोण बसतं या खुर्चीत? आधी टीव्हीवर गेलेलं बघू. बातमी ठेवलेली आहे.

क्लिपमधला काशीराम : भेग पडलीय घराच्या मागं. पयलं बोट जात व्हतं, आता हात जातो... आमी जायला तयार हाव. पोरं हायत घरात.

वेदिका : नऊ सेकंद.

यमुनाबाई : मना पाठ हाय. पोरांनी फोनात सगळ्यांना धाडलंनी.

वेदिका : आणि मधे तुमचा चेहरा जातो, भेग दिसते. दिसली?

काशीराम : दिसली. मंग?

वेदिका : सांगते. आधी कच्चं बघू. चौथी क्लिप... काका, हे तुमचं परडं ना?

यमुनाबाई : आमचंच! ती न्हाणी, ती पायरी. अवो, बगा, सदरा!

क्लिपमधला नितेश : कॅमेऱ्याकडे नको काका, माझ्याकडे बघून बोला. आधी नाव सांगा.

क्लिपमधला काशीराम : काशीराम. काय बोलू? भेग पडलीय घराच्या मागं. पयलं बोट जात व्हतं, आता हात जातो. रात्री पाऊस लागला की मी उठून बसतो. घरात सांगत नाय कुणाला.

क्लिपमधला नितेश : मग जायला तयार आहात तुम्ही?

क्लिपमधला काशीराम : देवाचा कौल हुंदे. गाव काय ता ठरवूंदे. मंग आमी जायला तयार हाव. पोरं हायत घरात.

काशीराम : हाय! हाय बग! बोललोय! यमुने, ऐकलंस?

यमुनाबाई : ऐकलं.

काशीराम : परत लाव. परत एकदा लाव, बाय.

क्लिपमधला काशीराम : देवाचा कौल हुंदे. गाव काय ता ठरवूंदे...

काशीराम : मना तर वाटाया लागलं व्हतं मी बोललोच नाय. धा घरं एकच सांगतायत नि मी एकटा. माणसाचं डोकं फिरतं. बरं झालं. बरं झालं, देवा.

यमुनाबाई : रात्री उठून बसताव?

काशीराम : काय?

यमुनाबाई : आता बोललात तिथं. पाऊस लागला की उठून बसतो. मना सांगताव, पोट बिघडलंय म्हणून.

काशीराम : तुला सांगून तू पण बसली असतीस. दोगांनी जागून काय डोंगर धरायचा व्हता?

वेदिका : काका, मी माफी मागते.

काशीराम : आता कशाला? गावलं ना.

वेदिका : नाही, मला बोलू द्या. बातमी एका मिनिटाची होती. तीन माणसं बोलायची होती त्यात. तुमचं लांबत होतं. मी मधलं सगळं काढलं, ती दोन वाक्यंही, आणि दोन तुकडे चिकटवले. असं चिकटवलं की माणसाची मान एकदम हलल्यासारखी दिसते, जोड कळतो. तो कळू नये म्हणून त्या जागी मी भेगेचं चित्र टाकलं. लोकांना वाटलं, काय भयंकर भेग आहे. त्या भेगेखाली मी तुमचं वाक्य गाडलं होतं.

यमुनाबाई : मुद्दाम केलंस?

वेदिका : नाही हो. रोजचं काम म्हणून केलं. त्याची तर जास्त भीती वाटतेय मला. आणखी कुणाकुणाचं काय काय काढलं असेल, मला आठवत पण नाही.

काशीराम : ऱ्हावंदे. तू काय वाईट पोर नायस. मना आता एवडं करून दे. गावकरांचा पोरगा बोलला व्हता, पुरावा असंल तर काडीत घालून आण, देवळातल्या टीव्हीला लावू. तीनची गाडी गावली तर सहाच्या आत पोचू.

वेदिका : पेन ड्राइव्ह माझाच देते. पूर्ण क्लिप घालते, एक सेकंदही कापत नाही. दोन-चार मिनिटं लागतील.

काशीराम : यमुने, वायच पाणी दे.

यमुनाबाई : बाय, ता परत लाव गो.

काशीराम : अगो, किती वेळा ऐकशील?

यमुनाबाई : मना ऐकायचं नाय. बगायचंय. बाय, बोलणं बंद कर नि चित्र तेवडं ठेव. हां. तिथंच थांबव. ह्यांच्या मागं काय दिसतंय?

वेदिका : तुमच्या न्हाणीचा कोपरा. मागच्या दाराची पायरी. फणसाचं झाड. आणि दगडांची लांब रांग.

यमुनाबाई : गडगा तो. आमच्या आज्यासासऱ्यानं घातलेला, परड्याच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. अवो, गडगा अख्खा हाय हिथं.

काशीराम : मंग? असणारच अख्खा.

यमुनाबाई : आता अख्खा हाय का?

काशीराम : तो म्हशीनं पाडलान. तूच बोललीस ना, म्हशीनं अंग घासलंन नि धोंडे ढकललंन.

यमुनाबाई : बोलले मी. म्हशीला घासताना बगितलं नाय. धोंडे खाली पडलेले बगितले. फणसाखाली तर गडगा खालीच बसलाय, कोंबड्या आरपार जातायत.

काशीराम : आता ह्या वेळेला तू गडगा काय काडतेस? तीनची गाडी...

वेदिका : थांबा काका. हा घ्या पेन ड्राइव्ह, झाला, खिशात ठेवा. काकी, आत्ताचा फोटो आहे का तुमच्याकडे? परड्याचा, अलीकडचा कुठलाही.

यमुनाबाई : हाय की. सूनबाईनं आज सकाळी माज्या फोनात काडलान. ज्ञानेश्वरी माजी सून. फणसाला पोरांचा झोका बांदलाय, त्यावर नात बसलीय, संस्कृती. नवा झगा घातलाय म्हणून मुंबईला बापाला धाडायला काडला. मी नि ह्ये फाट्यावर आलाव तवा रेंज आली, तिथनं धाडला. हा बग.

वेदिका : मला पाठवा. द्या, मीच पाठवते. आता बघा, मी काय करते. हे एकोणीस दिवसांपूर्वीचं चित्र खाली ठेवलं. आजचा फोटो त्याच्यावर ठेवला. वरचा अर्धा पुसट करते, म्हणजे खालचं आरपार दिसेल. फोटोचा कोन थोडा वेगळा आहे, फिरवून बसवते. न्हाणीचा कोपरा न्हाणीच्या कोपऱ्यावर. जुळला. पायरी पायरीवर. जुळली. घर घरावर बसलं, बरोबर?

काशीराम : बरोबर.

वेदिका : आता फणस बघा.

काशीराम : दोन फणस कसे?

वेदिका : एकच आहे, काका.

काशीराम : मंग दोन का दिसतायत? तुजं काय तरी चुकलं. परत बसव.

वेदिका : बसवते. न्हाणीवर न्हाणी. पायरीवर पायरी. फणस?

काशीराम : दोन.

यमुनाबाई : हातभर खाली आलाय. नि वाकलाय पण, घराकडं.

वेदिका : मीही तेच बघतेय, काकी. कोनामुळे थोडाफार फरक पडेल, पण एवढा नाही. झाड एकटं चालत येत नाही.

काशीराम : थांब. थांबा वायच. मागचं दार लागत नाय परवापासनं.

वेदिका : म्हणजे?

काशीराम : मना वाटलं पावसानं लाकूड फुगलंय. तीन दिवस धरलाय ना पाऊस. मी रंधा मारला त्याला. तरी लागत नाय. वर टेकतंय नि खाली फट पडलीय, दोन बोटं.

यमुनाबाई : डोंगरातनं येतो त्या पऱ्याचं पाणी कालपासनं लाल येतंय. मी फडक्यानं गाळून घेतलं. म्हटलं, वर कुणाची तरी गुरं उतरली असतील.

काशीराम : मना का नाय सांगितलंस?

यमुनाबाई : तुमी दाराचं मना सांगितलंत?

वेदिका : काका, काकी, ऐका. घरी आत्ता कोण कोण आहे?

यमुनाबाई : ज्ञानेश्वरी. संस्कृती नि सुजय. आज शाळा नाय. झोक्यावर असतील दोगं.

काशीराम : फोन लाव तिला. लाव आदी!

यमुनाबाई : लावतेय. मना नाव गावत नाय. तूच लाव, बाय. ज्ञानेश्वरी नाव हाय.

वेदिका : लागत नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

काशीराम : घरात रेंज नाय. देवळाजवळ गेलं तर येते. ती आता कशाला जाईल देवळाजवळ? तिच्याशी बोलत नाय कोण, ती उंबऱ्याबाहेर पडत नाय.

वेदिका : बाकीची घरं कुठे आहेत?

काशीराम : सगळी त्याच उतारावर. देऊळ आमच्या खाली, गावकरांच्या खळ्याला लागून. सहाला अकराच्या अकरा घरं देवळात येऊन बसणार. म्हातारी, पोरं, सगळी. त्याच्याच खाली.

वेदिका : मी तालुक्याला आपत्तीच्या नंबरवर लावते. हॅलो? मी रत्नागिरीहून बोलतेय... हो, भेग पडली होती तीच वाडी. झाड सरकलंय, पाणी गढूळ येतंय, दार अडकतंय... हो, माझ्याकडे चित्र आहे, पाठवते... किती? दीड तास? त्याआधी नाही? ...बरं, निघा. निघाच. काका, ते निघतायत. पण रस्त्यात झाड पडलंय, दीड तास तरी लागेल म्हणाले. तोवर लोकांना बाहेर काढा म्हणतायत, खाली शाळेच्या सपाटीला.

काशीराम : कोण काडणार? मी हिथं, वीस कोसावर. नि तिथं असतो तरी माजं कोण ऐकणार?

वेदिका : गावकरांचा नंबर द्या.

काशीराम : माजा फोन उचलत नायत ते.

वेदिका : माझा उचलतील. अनोळखी नंबर आहे. सांगा... हॅलो, गावकर का? मी रत्नागिरीहून चॅनेलमधून बोलतेय. तुमच्या वाडीच्या वर... नाही, ऐका ना, बातमीसाठी नाही. काशीरामकाका इथे... हॅलो? हॅलो?

काशीराम : कापला.

वेदिका : तुमचं नाव घेतलं आणि कापला. मीच मूर्ख. परत लावते... नाही उचलत.

काशीराम : चॅनेल नि काशीराम. दोन्ही नावं एकदम घेतलीस.

वेदिका : दुसरा मार्ग आहे. तुम्ही आत्ता इथे कॅमेऱ्यासमोर बोला. दोनच वाक्यं. मी ही दोन चित्रं त्याला जोडते आणि पाच मिनिटांत चॅनेलच्या पानावर टाकते. तुमच्या वाडीतली पोरं फोनवर बघतात ना? तुमचे नऊ सेकंद त्यांनीच पसरवले. हेही बघतील.

काशीराम : काय बोलू?

वेदिका : घर सोडा म्हणा. आत्ताच्या आत्ता.

काशीराम : कौल लागायच्या आदी?

वेदिका : काका!

काशीराम : तुला नाय कळायचं. ह्या काडीत मी म्हणतोय, देवाचा कौल हुंदे. ह्या एका वाक्यासाठी तुज्या दारात आलो. नि आता परत टीव्हीवर येऊन म्हणू, कौल सोडा नि पळा? मंग ही काडी कशाला? गाव म्हणणार, पयलं पण असाच बोलला असणार. दोन काशीराम झाले. त्यातला खरा कुटला मानायचा?

यमुनाबाई : जो जित्ता ऱ्हायला तो.

काशीराम : यमुने, डोंगर आज ना उद्या पडेल, नायतर पडणार पण नाय. पर गाव... गाव उद्या सकाळी पण तिथंच असणार हाय. नि काय झालं नाय तर? पळवलं सगळ्यांना नि काय झालं नाय, तर? मना तोंड दाखवायला जागा नाय ऱ्हायची.

यमुनाबाई : काय झालं नाय, तर मी देवाला नारळ देईन नि तुमच्यासंगती वाळीत बसेन. आता पण बसलेच हाय. तुमाला भ्या वाटतंय ता मना कळतंय. मना पण वाटतंय. पर मना गावाचं भ्या नाय आता. झोक्याचं हाय.

वेदिका : काका, वीस मिनिटं झाली हे बघून.

काशीराम : लाव. लाव तुजा क्यामेरा.

वेदिका : बसा इथे. माझ्याच फोनवर घेते.

काशीराम : नि ती काडी काडून घे. दोन्ही एका येळेला नाय चालायची.

वेदिका : राहू द्या खिशात.

काशीराम : नको. जवळ असली की मना वाक्य आठवत ऱ्हाईल.

यमुनाबाई : तुमी बोला तिकडं. बाय, क्यामेरा लावतेस तोवर माज्या फोनात इंदू म्हणून नाव हाय, तेवडं लावून दे.

वेदिका : इंदू कोण?

यमुनाबाई : गावकरांची बायको. आमी दोगी एकाच वर्साला लगीन होऊन आलो त्या वाडीत. तीस वर्सं एका वाटेनं पाण्याला गेलो. आता समोरनं आली की माजी घागर बगते, माज्या तोंडाकडं बगत नाय.

काशीराम : ती नाय उचलायची. नवऱ्यानं फोन कापलान नि बायको उचलेल?

वेदिका : वाजतोय.

काशीराम : नाय उचलायची.

वेदिका : वाजतोय अजून... काकी, घ्या. घ्या, उचलला!

यमुनाबाई : इंदू? इंदू, मी यमुना. ठेवू नको. तुज्या पाया पडते, ठेवू नको गो.

वेदिका : काय म्हणतायत?

यमुनाबाई : इंदू, तू बोलू नको. तुला माज्याशी बोलायला बंदी हाय, ऐकायला नाय. नुसती ऐक. आमच्या परड्यातला फणस हातभर खाली आलाय. माज्या डोळ्यांनी बगितलं, हिथं पडद्यावर. गडगा म्हशीनं नाय पाडलान. पऱ्याचं पाणी लाल येतंय, ता तू पण भरलंस आज सकाळी, तुज्या घागरीत पण लाल व्हतं. मी बगितलं. तू तोंड फिरवलंस, पर घागर बगितली मी.

काशीराम : हाय का ती? ऐकतेय का?

यमुनाबाई : कौल सहाला हाय. डोंगर सहापर्यंत थांबतोय का ता मना ठाव नाय. तू देवळात जाऊन घंटा वाजव नायतर चुलीवरचं तसंच टाकून पळ, काय करायचं ता कर, पर सगळ्यांना घेऊन शाळेच्या सपाटीला जा. साहेबांची गाडी निघालीय, ती पोचायला दीड तास लागेल. तेवडा वेळ नाय. नि काय झालं नाय तर आमच्यावर राग धर. मरेपर्यंत धर. काशीरामनं परत गावाला बुडवलान म्हण. आमी ऐकून घेऊ... इंदू?

वेदिका : ठेवला का?

यमुनाबाई : नाय. दम लागल्यासारखी हाय. चालतेय वाटतं.

काशीराम : काय बोलली?

यमुनाबाई : काय नाय.

काशीराम : एक शबूद पण नाय?

यमुनाबाई : माज्याशी नाय बोलली. गप ऱ्हावा, मना ऐकू दे... खळ्यात आलीय. वरडतेय.

काशीराम : कुणावर?

यमुनाबाई : कुणावर नाय. पोरांना हाका मारतेय, एकेकाचं नाव घेऊन. तिच्या नातवाचं. गुरवाच्या दोन पोरांचं. पलीकडल्या घरातल्या पोरीचं...

वेदिका : काकी, काय झालं? काकी, रडू नका, सांगा ना.

यमुनाबाई : आमच्या घराकडं तोंड करून वरडतेय. संस्कृतीचं नाव घेतलंन.